पाड्यावर मुक्कामाला येणारा परदेशी पाहुणा

धुळ्याहून साक्री, पुढे पिंपळनेर आणि तिथून डोंगराकडचा रस्ता धरला की गुजरातच्या सीमेजवळ बारीपाडा लागतो. वस्ती कोकणा आदिवासींची. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला इथले डोंगर उघडेबोडके झाले होते आणि बायकांना पाण्यासाठी वणवण करावी लागे. चैत्राम पवारांच्या पुढाकाराने गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, जंगल परत उभं केलं. पवारांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. हे काम पाहायला आणि शिकायला परदेशातूनही लोक येतात.

असं राहायला यायचं तर आधी कागद. पर्यटक व्हिसावर फार तर महिनाभर, तीही बिनमोबदला, स्वयंसेवा करता येते. त्याहून जास्त काळ संस्थेत काम करायचं असेल तर वेगळा व्हिसा घ्यावा लागतो. शिवाय परदेशी पाहुण्याला घरात ठेवणाऱ्याने चोवीस तासांत त्याची सरकारदरबारी नोंद करायची असते. हे काम पाहुण्याने स्वतःहून आठवण करून करवून घ्यावं. नाहीतर तो निघून जातो आणि चौकशीला तोंड द्यावं लागतं ते घरमालकाला.

राहण्याचं खरं गणित भाषेपाशी सुरू होतं. अमेरिकेच्या पीस कोअरने १९६१ साली घानात पहिले स्वयंसेवक पाठवले. त्यांच्याकडे साधारण तीन महिने भाषा आणि रीतभात शिकवतात, मग दोन वर्षं गावात ठेवतात. भारतातही १९७६पर्यंत त्यांचे स्वयंसेवक होते. मला हा हिशेब पटतो. पुस्तकी मराठी येत असली तरी पाड्यावरच्या घरात कोकणा बोली चालते, आणि म्हातारी माणसं मनातलं बोलतात ते त्याच बोलीत. पंधरा दिवसांत उपाय सुचवणाऱ्याला त्यातलं काय कळणार?

बारीपाड्यात बाहेरच्या माणसाने लावलेला एक हातभार मात्र टिकला. कॅनडाच्या मनिटोबा विद्यापीठातला एक संशोधक इथल्या रानभाज्यांच्या ज्ञानाचा अभ्यास करत होता. त्यातून २००४ साली वनभाजी पाककला स्पर्धा सुरू झाली. पावसाळ्यात आसपासच्या पाड्यांवरच्या बायका भाज्या शिजवून आणतात आणि कोणती भाजी कुठे मिळते, कशी करायची ते सांगतात. ही माहिती जपून ठेवण्यासारखी आहे. तेऱ्याची पानं चिंचेसारखं आंबट घालून नीट शिजवली नाहीत तर घसा खाजतो. कुठली पानं कोवळी खुडायची, कुठला कंद तसाच राहू द्यायचा, हे लहान मुली आईबरोबर रानात हिंडून शिकतात. संशोधकाने यातलं काहीही गावाला शिकवलं नाही. जे होतं त्याला चारचौघांत मान मिळेल अशी जागा झाली, आणि पुढे स्पर्धा गावानेच चालवली.

म्हणून मुक्कामाला येणाऱ्याने पहिले काही आठवडे लावणीत, पाणी भरण्यात, चुलीपाशी घालवावेत. जंगलात जायचं तर विचारून, कुणाला तरी सोबत घेऊन. तिथले नियम गावाचे आहेत. फोटोही विचारूनच. पैसे वाटू नयेत, जेवणाराहण्याचा खर्च मात्र ठरवून द्यावा, कारण पावसाळा संपत आला की धान्याच्या कणग्या तळाला गेलेल्या असतात आणि तरीही पाहुण्याला कुणी उपाशी ठेवत नाही. निघण्याआधी आपल्या नोंदींची मराठी प्रत गावाकडे द्यावी आणि ती बैठकीत वाचून दाखवावी, म्हणजे चुकलेलं तिथेच दुरुस्त होतं.