दुखणं थांबवायचं, मूत्रपिंड राखून

दिवाळीच्या आगेमागे वाळवा, पलूस, कराडच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. दिवसभर वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. तिकडे तासगावच्या द्राक्षबागांत बायका मांडवाखाली हात वर धरून तासन्‌तास घडांची विरळणी करतात. एकीची कंबर धरते, दुसरीची मान आणि खांदा. इलाज मात्र दोघींचा एकच. मेडिकलमधून सुटी आणलेली गोळी, नाहीतर ‘डॉक्टर, एक इंजेक्शन मारा, उद्या कामावर जायचंय.’

अमेरिकेत वेदनाशामकांचा प्रश्न म्हणजे अफूच्या जातीची औषधं. बेकायदा फेंटानिल धरून २०२१ या एका वर्षात तिथे ८० हजारांहून जास्त माणसं त्यांच्या अतिमात्रेने दगावली. आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने इथे कॅन्सरच्या रुग्णालाही मॉर्फिन मिळेना, म्हणून २०१४ मध्ये कायदा बदलावा लागला. त्या रुग्णाला मॉर्फिन मिळालंच पाहिजे. पण वर्षानुवर्षं दुखणाऱ्या गुडघ्या-कंबरेपायी सांगली-सातारा या आपल्या दोन जिल्ह्यांत ज्या गोळ्या खाल्ल्या जातात त्या डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या घराण्यातल्या. त्यांची नशा चढत नाही, म्हणून त्यांचं भयही वाटत नाही.

भय वाटायला हवं. या गोळ्या शरीरातलं प्रोस्टाग्लँडिन तयार होणं रोखतात, म्हणून सूज आणि ठणका उतरतो. पण अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतं तेही प्रोस्टाग्लँडिनच. उन्हात घाम गाळणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या माणसाने रोज ही गोळी घेतली, तर मूत्रपिंडाचा आधारच निघतो. निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमधल्या ऊसतोड मजुरांत मूत्रपिंडाच्या आजाराची साथच आली. तिथे मुख्य संशय उष्णतेवर आणि पाण्याच्या कमतरतेवर आहे, आणि त्यात भर घालणाऱ्या गोष्टींत या गोळ्यांचंही नाव घेतलं जातं. आपली गिधाडं कशी गेली तेही आठवावं. गुरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं, मूत्रपिंडं निकामी झाली आणि आकाश रिकामं झालं. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली.

मग दुखऱ्या माणसाने करायचं काय? आधी एक समजूत सोडायला हवी, की ‘मणक्यात गॅप आहे’ किंवा ‘वंगण संपलंय’ एवढ्याने दुखण्याचा हिशेब लागतो. एक्स-रेत भरपूर झीज दिसणारी माणसं मजेत चालतात आणि जेमतेम झीज असलेली रात्रभर कण्हतात. संशोधक क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये दाखवलं, की इजेनंतर मज्जारज्जूतल्या पेशीच अतिसंवेदनशील होतात. घंटीची तार शॉर्ट झाली, की दारात कुणी नसतानाही ती वाजत राहते, तसं हे दुखणं. तीन महिन्यांवर टिकलेल्या वेदनेला जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या यादीत स्वतंत्र स्थान दिलं आहे. ही यादी २०२२ पासून लागू झाली. नवं तंत्रज्ञान काम करतं ते घंटीच्या या तारेवर, म्हणजे नसांवर.

त्यातलं आपल्या भागाला सगळ्यात जवळचं तंत्र गुडघ्याचं आहे. गुडघ्याच्या सांध्यातून दुखण्याचा निरोप नेणाऱ्या बारीक नसा मांडीच्या आणि नडगीच्या हाडाला चिकटून जातात. त्यांपैकी तिघींच्या जागा बऱ्यापैकी ठरलेल्या आहेत. आधी तिथे भूल देऊन पाहतात. त्या काही तासांत रुग्णाला जिना उतरताना निम्म्याहून जास्त आराम वाटला, तरच पुढे जायचं. मग एक्स-रे किंवा सोनोग्राफीत बघत सुई हाडाच्या कडेपर्यंत नेतात. रुग्ण जागाच असतो. सुईतून हलका विद्युत्‌प्रवाह सोडला की तो सांगतो, ‘हां, इथंच दुखतं.’ पायाचे स्नायू आचके देत नाहीत ना, हेही पाहतात, कारण हालचालीची नस जळता कामा नये. त्यानंतर रेडिओलहरींनी सुईचं टोक साधारण ७० ते ८० अंशांपर्यंत तापवून दीड मिनिट ठेवतात. हाड कापायचं नाही, टाके नाहीत. कोरियातल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये याची पहिली नियंत्रित चाचणी प्रसिद्ध केली. जळालेली नस साधारण सहा महिने ते वर्षभरात पुन्हा वाढते आणि दुखणं परतू शकतं. झीज यात भरून येत नाही, हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगायला हवं. मिळालेल्या मुदतीत मांडीचे स्नायू व्यायामाने बळकट केले तरच उपचाराचं चीज होतं.

चटका बसल्यावर आपण ती जागा चोळतो. स्पर्शाचा निरोप वेदनेच्या निरोपाला मज्जारज्जूतच अडवतो, हा सिद्धान्त संशोधक मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडला. त्यातूनच त्वचेवर पट्ट्या चिकटवून सौम्य वीज देणारं टेन्स यंत्र आलं. फिजिओथेरपिस्टकडे ते सर्रास दिसतं. त्याचा आराम अनेकांना थोडाच वेळ टिकतो. मज्जारज्जूजवळ तारा बसवून आतूनच स्पंदनं देण्याचा प्रयोग १९६७ मध्ये झाला. मधुमेहाने जळजळणाऱ्या पायांसाठी त्याचं नवं रूप अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झालं. ते महागडं यंत्र आपल्या शेतकऱ्याच्या आवाक्यात यायला वेळ लागेल. अमेरिकेत पाठदुखीसाठी आभासी वास्तवाच्या चष्म्यालाही त्याच वर्षी परवानगी मिळाली.

औषधांतही एक नवी वाट सापडली आहे. निखाऱ्यांवरून चालून दाखवणाऱ्या पाकिस्तानातल्या एका मुलामुळे सुरू झालेल्या, तशाच वेदना न जाणवणाऱ्या कुटुंबांच्या अभ्यासातून २००६ मध्ये कळलं, की नसांमधली सोडियमची एक वाहिनी बंद असेल तर वेदनाच होत नाही. तिच्या बहिणीसारख्या दुसऱ्या वाहिनीला अडवणारी सुझेट्रिजिन ही गोळी अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झाली. ती मेंदूवर काम करत नाही, म्हणून तिची सवय लागण्याची भीती नाही. मात्र मंजुरी शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसारख्या अल्पकाळच्या दुखण्यापुरती आहे. सायटिकाच्या रुग्णांवरच्या चाचणीत खऱ्या गोळीने वेदना दहापैकी सुमारे दोन गुणांनी उतरली आणि साखरेच्या गोळीनेही जवळजवळ तितकीच.

या उपचारांसाठी जागा आपल्याकडे आहेत. मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इस्पितळ उघडल्यापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे. तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कराडला कृष्णा रुग्णालय आहे. अडचण निराळीच आहे. सुई दाखवणारं सोनोग्राफी यंत्र गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदवावं लागतं आणि फिरतं यंत्र हवं तिथे नेता येत नाही. २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळच्या ओढ्याकाठी १९ स्त्रीभ्रूण सापडले. त्या जिल्ह्यात हा कायदा सैल करा असं मी म्हणणार नाही. पण गर्भाशयापर्यंत खोल न पोहोचणाऱ्या, केवळ वरवरच्या नसा दाखवणाऱ्या यंत्रासाठी नोंदणीची वेगळी, सोपी आणि कडक देखरेखीची वाट काढता येईल.

आणि नस बधिर करून कुणाला पुन्हा त्याच मोळीखाली उभं करायचं असेल, तर त्या उपचाराला माझा विरोध आहे. वजन कमी करणं, चढायला नीट रॅम्प देणं हा कारखान्याचा खर्च आहे, रुग्णाच्या मज्जातंतूंचा नव्हे. रेठरे, साखराळे, सांगलीच्या कारखान्यांनी गळीत हंगामात मजुरांच्या तळावर आरोग्य तपासणी ठेवावी, त्यात रक्तदाब आणि साखरेबरोबर मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिनही तपासावं आणि प्रत्येकाला विचारावं, की दुखण्याच्या गोळ्या आठवड्यातून किती घेता.