घरपोच तांदूळविक्री आणि नुकसानीची खोटी छायाचित्रे

गोंदिया जिल्हा हा धानाचा जिल्हा होय. येथील धानाचा मोठा भाग आजही आधारभूत खरेदी केंद्रावर, बाजार समितीत अथवा थेट गिरणीवर जातो. तथापि धान स्वतः भरडून घ्यावे, तांदूळ एक किंवा पाच किलोच्या पिशव्यांत भरावा आणि मोबाईलवर मागणी घेऊन तो दूरच्या शहरातील ग्राहकास घरपोच पाठवावा, ही रीत आता शेतकरी, महिला बचत गट व शेतकरी उत्पादक कंपन्या यांच्या आवाक्यात आली आहे. मधला नफा त्यायोगे उत्पादकाच्या पदरी पडतो. मात्र ह्या विक्रीत एक नवीन धोका आहे, आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तो समजून घेणे अगत्याचे आहे.

बाजारात घेणारा व देणारा दोघेही मालासमोर उभे असतात. पोत्यात लोखंडी नळी टोचून नमुना काढला की, तांदूळ डोळ्यांपुढे येतो व वाद तेथेच मिटतो. ऑनलाईन विक्रीत तक्रारीच्या वेळी माल शेकडो मैलांवर असतो आणि विक्रेत्यास दिसते ते केवळ छायाचित्र. पाच किलोची पिशवी परत आणण्याचा खर्च मालाच्या मानाने जड पडतो. म्हणून पुष्कळदा माल परत न मागताच पैसे परत केले जातात. खोटेपणास वाव मिळतो तो येथेच. समजा, एका पिशवीची किंमत ४०० रुपये असून सर्व खर्च ३६० रुपये आहे. एका खोट्या दाव्यात हे ३६० रुपये बुडाले, म्हणजे नऊ पिशव्यांवरील नफा गेला.

पूर्वी असा दावा करणाऱ्यास निदान पिशवी फाडावी लागे, किंवा दुसऱ्याचे जुने छायाचित्र शोधावे लागे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना चांगल्या पिशवीचे छायाचित्र देऊन 'यात किडे दाखव' एवढे सांगितले तरी काही क्षणांत तसे चित्र तयार होते. चीनमध्ये नोव्हेंबर २०२५ मध्ये असे एक प्रकरण गाजले. जिवंत खेकडे विकणाऱ्या एका बाईंना ग्राहकाने मेलेल्या खेकड्यांची चलचित्रे पाठवून पैसे परत घेतले. त्यांचे आयुष्य खेकडे पाळण्यात गेलेले. त्यांनी पाहिले तो पहिल्या चित्रातील नर व माद्यांची संख्या दुसऱ्या चित्रात जुळेना, आणि एका खेकड्यास तर नऊ पाय! पोलिसांनी चौकशी केली, चित्रे बनावट ठरली व ग्राहकास आठ दिवसांची कोठडी मिळाली. आपल्याकडे बांधीत खेकडे धरणाऱ्या पोरासही तो नववा पाय खटकला असता. माल ओळखणाऱ्याची नजर ही अशी कामास येते.

तांदळाच्या बाबतीतही तीच नजर हवी. सोंडकिड्याची मादी दाणा कोरून आत अंडे घालते, अळी दाण्याच्या आतच वाढते, व उष्ण हवेतही किडा बाहेर पडण्यास सुमारे महिना लागतो. ह्याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. पिशवी भरताना स्वच्छ दिसलेल्या तांदळातून तीन आठवड्यांनी सोंडे निघाले, तर ग्राहक खरे बोलत असण्याचा संभव मोठा आहे. दोष आपल्या साठवणीचा असू शकतो. उलटपक्षी, चौथ्या दिवशीच्या छायाचित्रात दाणे जाळीने एकमेकांस चिकटलेले असतील आणि तक्रार मात्र सोंड्यांची असेल, तर संशयास जागा आहे. जाळी सोंडकिडा करीत नाही. ते पतंगाच्या अळीचे काम होय, व एवढी जाळी चार दिवसांत होत नाही.

यावर सर्वांत भरवशाचा उपाय साधा आहे. प्रत्येक तुकडीतील अर्धा किलो तांदूळ झाकणाच्या स्वच्छ बरणीत राखून ठेवावा व वर तुकडी क्रमांक आणि भरल्याची तारीख लिहावी. तक्रार आली की, प्रथम ही बरणी पाहावी. तीतही किडे असतील तर वाद न घालता पैसे परत करावेत, आणि त्या तुकडीच्या इतर ग्राहकांसही कळवावे. बरणी स्वच्छ असेल तर आपली बाजू बळकट होते. मात्र वाटेत पिशवी भिजली वा फाटली असल्यास बरणीवरून ते कळणार नाही. त्यासाठी पिशवीचे वजन, तुकडी क्रमांक, तोंडाची शिलाई व पत्त्याची चिठ्ठी ही सर्व एकाच अखंड चलचित्रात, मध्ये न थांबता, टिपून ठेवावीत. एका माणसाचे हे मिनिटभराचे काम आहे.

ग्राहकाकडेही तेच मागावे, परंतु सौजन्याने. पिशवी दिवसाच्या उजेडात, सर्व बाजूंनी, जवळ मागणी क्रमांक व त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद ठेवून अखंड चित्रित करण्याची विनंती करावी. एक चित्र बनविणे सोपे. अनेक बाजूंची परस्परांशी जुळणारी चित्रे बनविणे अवघड, हे खेकड्यांनी दाखविलेच आहे. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या रीतीने आलेल्या छायाचित्रातून ते कधी व कोठे घेतले ही नोंद निघून जाते. म्हणून मूळ फाईल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवावी. अर्थात ही नोंदही बदलता येते. पिशवीवरील अक्षरे वेडीवाकडी दिसणे ही बनावट चित्राची खूण समजली जाते, परंतु ही साधने दिवसेंदिवस सुधारत असल्याने तिच्यावर विसंबून राहू नये.

प्रत्येक तक्रार लबाडीची मानणे हे नुकसानीचे आहे. उष्ण्या तांदळाचा पिवळसर रंग पाहून नवखा ग्राहक तो जुनाट समजतो. काळा तांदूळ धुताना पाणी जांभळे झाले की, रंग लावल्याची शंका घेतो. अशा तक्रारी पिशवीवरील दोन ओळींनी टळतात. शिवाय ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अन्वये सदोष किंवा वर्णनाप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास विक्रेत्यास नकार देता येत नाही. विक्री-संकेतस्थळावरून विकणाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी व निवारण एक महिन्यात करावे, असेही त्यात आहे.

दावा खोटा असल्याची खात्री झाल्यास प्रथम विक्री-संकेतस्थळाकडे मुदतीच्या आत हरकत नोंदवावी. मुदत प्रत्येकाची निराळी असते. ती विक्री सुरू करण्यापूर्वीच वाचून ठेवावी. फसवणूक हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१८ खाली गुन्हा असून तक्रार पोलीस ठाण्यात अथवा १९३० ह्या सायबर मदत क्रमांकावर करता येते. त्या वेळी ग्राहकाने पाठविलेली मूळ फाईल, संदेश व आपले चलचित्र लागतात. तेव्हा गटाचा मोबाईल भरला म्हणून ती पुसून टाकू नयेत, आणि बरणीही त्या तुकडीचा शेवटचा दाणा विकला जाऊन तक्रारीची मुदत सरेपर्यंत रिकामी करू नये.