मोरजीची वाळू कुणाची?

जानेवारी २०२३मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि पेडणे तालुक्यातल्या जमिनींना सोन्याचा भाव आला. परवा मोरजीत किनाऱ्यालगतच्या एका वाळूच्या टेकडीवर जेसीबी फिरलेला पाहिला. मर्यादवेल मुळासकट उपटून ढीग घातला होता. हातहात लांब दोऱ्या, त्यांना अजून टवटवीत जांभळी फुलं.

गोवा मुक्तीनंतरची पहिली तीस वर्षं मी सोडून देतो. कळंगुट, हणजूण, हिप्पी यांवर लिहून लिहून कागद संपले. मला बोलायचं आहे ते नव्वदच्या दशकाबद्दल, कारण आमचा किनारा वाचण्याची खरी संधी तेव्हा होती.

फेब्रुवारी १९९१मध्ये केंद्राची किनारी नियमन अधिसूचना आली. आमच्यासारख्या गावांत भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम नको, असा नियम झाला. १९९४मध्ये तो सैल करण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला आणि १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार रद्द ठरवला. या सगळ्या काळात गावातली जाणती माणसं सांगत फिरत होती, ‘वाळूच ती, तिच्यात काय पिकतं?’ त्यांना उत्तर द्यायलाच हवं. पावसाळ्यात दर्या किनारा खातो, तेव्हा मागची टेकडी आपली वाळू पुढे करते. पाऊस सरला की लाटा ती परत आणतात, वारा ती उडवतो आणि मर्यादवेल व रावणाच्या मिशा ती अडवून धरतात. टेकडीच्या पोटात पावसाचं गोडं पाणी साठतं, म्हणून दर्यापासून हाकेच्या अंतरावरच्या विहिरी गोड असतात. टेकडी कापली की पुढच्या पावसाळ्यात दर्याला द्यायला मागे काही उरत नाही.

त्याच दशकाच्या उत्तरार्धात वन खात्याने मोरजीत कासवांची घरटी राखायला घेतली. राखणीला गावचीच माणसं होती. काळोखात कासवीण वर यायची, मागच्या वल्ह्यांनी घागरीसारखा खड्डा खणायची, शंभरेक अंडी घालून वाळू लोटायची आणि अंगाच्या भाराने ती थापून बसवायची. राखणदार कंदील झाकून दूर बसत. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघत आणि उजळ क्षितिजाकडे, म्हणजे दर्याकडे, धावत. आज किनाऱ्यामागचे दिवे दर्यापेक्षा उजळ आहेत. पिल्लं उलटी जमिनीकडे चालतात.

मग मोरजीकडे येणारा शिवोलीचा पूल झाला, फेरीची रांग संपली. पुढे परदेशी पाट्या लागल्या, शॅक आले. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही.

२०११च्या अधिसूचनेत मात्र गोव्यासाठी वेगळं कलम आलं. मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग ही कासवांची ठिकाणं म्हणून नावानिशी नोंदली गेली. वाळूच्या टेकड्यांचं सर्वेक्षण करून नकाशे करावेत, त्यांच्यावर कोणतंही काम होऊ देऊ नये, असंही त्यात लिहिलं. घाटातल्या रानासाठी गोव्याने मोलेचं राष्ट्रीय उद्यान केलं, याचा मला अभिमान आहे. किनाऱ्यावरच्या टेकड्यांसाठी तसं एकही केलं नाही. कासवाचं घरटं कुंपण घालून राखायचं आणि ज्या टेकडीच्या आधाराने तो किनारा टिकतो ती विकू द्यायची, हे संरक्षण नव्हे.

पुढच्या ग्रामसभेला जा. आपल्या गावातल्या वाळूच्या टेकड्या कोणत्या सर्व्हे नंबरात येतात, हे लेखी विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.