मुलांसाठी आवळ्याच्या लुसलुशीत वड्या

हल्ली औषधांच्या दुकानात काउंटरवरच रंगीबेरंगी बाटल्या मांडलेल्या दिसतात. आत अस्वलाच्या, ताऱ्यांच्या आकाराच्या मऊ गोळ्या. ‘गमी’ म्हणतात त्यांना. पोटात जीवनसत्त्वं जाणार आणि मूल ती आपणहून मागून खाणार, मग कुठल्या आईला मोह होणार नाही? ताटातली भाजी बाजूला सारणाऱ्या मुलाच्या आईला तर नक्कीच!

मी सकाळी दोन तास ज्या बालवर्गावर असते, तिथं एकानं अशी बाटलीच दप्तरातून आणली आणि वाढदिवसाच्या चॉकलेटांसारखी वाटायला काढली. त्याचा काय दोष? घरी त्याला ‘ही तुझी टॉफी’ असंच सांगितलेलं. पण टॉफी आणि या गोळ्या यांत फरक आहे. ‘क’ जीवनसत्त्व थोडं जास्त झालं तर बहुतेक लघवीवाटे निघून जातं. ‘अ’ आणि ‘ड’ मात्र शरीरात साठत राहतात. लोहाच्या गोळ्या लहान मुलानं मूठभर खाल्ल्या तर जिवावरही बेतू शकतं. तेव्हा बाटली घरात असलीच तर ती औषधाच्या कपाटात, कुलपात हवी.

म्हणून ‘आपण घरीच करू, तेही आपल्या वनस्पतींच्या’ असं पुष्कळजणींच्या मनात येतं. जरूर करा. मात्र घरच्या वडीतून काय मिळतं आणि काय नाही, हे आधी नीट समजून घ्या. आवळ्याच्या वडीत ‘क’ जीवनसत्त्व आहे, संत्र्याच्या कितीतरी पट. १९४०च्या सुमारास हिस्सार भागात दुष्काळ पडला, तेव्हा ‘क’ च्या अभावी होणाऱ्या स्कर्व्हीवर आवळाच उपयोगी पडला होता. पण त्यात ‘ड’ नाही, ‘बी-१२’ नाही. ‘ड’साठी कोवळं नव्हे तर जरा वर आलेलं ऊन लागतं, ‘बी-१२’साठी दूध-दही, अंडी, मासे. लोह म्हणाल तर तेही वडीत नावापुरतंच.

मग वडीचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो जेवणाच्या ताटाशी आहे! पालेभाजी, नाचणी, कडधान्यं यांतलं लोह शरीराला सहजी घेता येत नाही. सोबत ‘क’ जीवनसत्त्व असलं तर ते जास्त मुरतं. चहानं नेमकं उलट होतं. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची शंभरातली ६७ मुलं रक्त कमी असलेली आढळली. म्हणून ही वडी शाळेतून आल्यावर खाऊ म्हणून देण्यापेक्षा जेवताना चटणी-कोशिंबिरीच्या जागी द्यावी. मूल फिकट दिसत असेल, लवकर दमत असेल, तर मात्र वड्यांवर विसंबू नका. डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या.

आता कृती. बाजारी गोळ्यांत बहुधा जिलेटिन असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून निघतं. आपण चायना ग्रास घेऊ, ते समुद्रातल्या शेवाळापासून होतं. १० ग्रॅम चायना ग्रास बारीक तोडून दीड वाटी पाण्यात अर्धा तास भिजवा. त्याच पाण्यात इंचभर आलं ठेचून आणि आठ-दहा तुळशीची पानं घाला आणि मंद आचेवर ठेवा. चायना ग्रासची एकही काडी दिसेनाशी झाली की पाऊण वाटी चिरलेला गूळ घालून विरघळवा आणि गाळून घ्या. इकडे सात-आठ आवळे किसून, थोडं पाणी घालून मिक्सरमधून काढा आणि फडक्यातून पाऊण वाटी रस पिळून ठेवा.

खरी मेख पुढं आहे. हा रस गॅसवर घालायचा नाही! पातेलं उतरवून तीन-चार मिनिटं थांबा, मग रस ओता आणि भराभर ढवळा. उकळत्या मिश्रणात आंबट रस पडला की चायना ग्रास नीट घट्ट होत नाही, शिवाय आचेनं ‘क’ जीवनसत्त्वही घटतं. रस फ्रिजमधला गार नको, नाहीतर गाठी होतील. तुपाचा हात लावलेल्या ताटात अर्धा बोट जाडीचं ओता. बाहेरच तासाभरात थापल्यासारखं बसतं. रंग तपकिरी येतो आणि मुलं नाक मुरडतात, म्हणून मी बिटाचा दोन चमचे रस घालते. तेवढ्यानं काम भागतं!

वड्या पाडून सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवा, म्हणजे चिकटणार नाहीत. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतात. पुढं पाणी सुटतं. दिवसाला दोन पुरेत, गोडच आहेत शेवटी. नंतर चूळ भरायला लावा. चार वर्षांखालच्या मुलाला आख्खी वडी देऊ नका, घशात अडकू शकते. अगदी बारीक तुकडे करा. गुळाऐवजी मध घालणार असाल तर वर्षाच्या आतल्या बाळाला चाखायलासुद्धा देऊ नका.

आणखी एक. वनस्पतीचं म्हणजे निर्धोक, असं समजून कुणी अश्वगंधा घालतं, कुणी चमचा-चमचा ज्येष्ठमध. ज्येष्ठमध गोड लागतं खरं, पण रोज जास्त पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो. असली चूर्णं वैद्यांना विचारल्याशिवाय मुलांना नकोतच. आलं, तुळस, फार तर चिमूटभर वेलदोडा, बस्स.

आवळे थंडीतच मुबलक मिळतात. तेव्हा रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवला तर उन्हाळ्यातही वड्या करता येतात. आधी तो पुरता वितळू द्या, एवढंच. आणि फडक्यात उरलेला चोथा टाकून देऊ नका. त्याला मीठ, आल्याचा कीस आणि थोडं जिरं चोळून दोन-तीन दिवस उन्हात वाळवलं की मोठ्यांसाठी झकास आवळा-सुपारी होते.