इतिहासाची साधने (लेखांक ४) : शकावली, बखर आणि वखारीचे पत्र

मागील लेखांकात अव्वल आणि दुय्यम साधनांचा भेद सांगितला होता. घटनेच्या काळात, प्रत्यक्ष व्यवहाराच्या ओघात निर्माण झालेला कागद ते अव्वल साधन, आणि अशा कागदांवरून किंवा ऐकीव माहितीवरून मागाहून रचलेला वृत्तान्त ते दुय्यम. परंतु एवढ्यावर संशोधकाचे भागत नाही, कारण एखादे साधन कोठवर विश्वसनीय आहे हे ते कोणी, कशासाठी लिहिले आणि त्याला आपण कोणता प्रश्न विचारतो यावर अवलंबून असते.

शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीच्या वादात हे स्पष्ट दिसते. मल्हार रामराव चिटणीस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या बखरीत शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया ही तिथी आहे आणि तीच दीर्घकाळ सर्वमान्य होती. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली, म्हणजे घटनांच्या शकवार त्रोटक नोंदी, उजेडात आणली; तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद मिळाली, जी त्या काळच्या ज्युलियन गणनेने १९ फेब्रुवारी १६३० होते. तिथी आणि वार यांचा मेळ गणिताने पडताळता येतो आणि येथे तो बसतो, ही या नोंदीची पहिली कसोटी. दुसरी कसोटी अधिक मोलाची आहे. शिवकालीन कवी परमानंद याच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात, जे १९२७ साली छापले गेले, हीच तिथी आढळली आणि जोधपूरकडील एका कुंडलीनेही तिला दुजोरा दिला. मावळातील देशमुख, दरबारी कवी आणि राजस्थानातील ज्योतिषी यांनी एकमेकांची नक्कल केली असण्याचा संभव फार थोडा. आणि साक्षी किती यापेक्षा त्या परस्परांपासून किती स्वतंत्र, हेच निर्णायक ठरते.

समकालीन कागद मात्र निर्दोष असतोच असे नाही. महाराजांच्या निधनाची वार्ता मुंबईच्या इंग्रजांनी २८ एप्रिल १६८० च्या पत्राने सुरतेच्या वखारीला कळवताना मृत्यूला २३ दिवस झाल्याचे लिहिले. इंग्रजही तेव्हा ज्युलियन गणनाच वापरीत असल्याने हा हिशेब ५ एप्रिलवर येतो, तर शकावलीतील चैत्र पौर्णिमा, शनिवार ही नोंद ३ एप्रिलची आहे. रायगडाहून मुंबईपर्यंत तोंडोतोंडी आलेल्या बातमीत दोन दिवसांची तफावत पडणे स्वाभाविकच होते; पण बातमी मुंबईस केव्हा पोचली होती आणि तेथे तिच्यावर कितपत विश्वास ठेवला गेला, या प्रश्नांना याच पत्राइतके उत्तम साधन नाही.

बखरींचेही तसेच आहे. कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिलेल्या बखरीवर तिथींसाठी विसंबून राहणे धोक्याचे, तथापि गडांवरील हुद्दे, त्यांची कामे आणि वसुलाची पद्धत यांची तिच्यातील माहिती स्वराज्याचा कारभार जवळून पाहिलेल्या माणसाची आहे, आणि ती बखर म्हणून बाजूला सारणाऱ्या अभ्यासकाचे नुकसान होते. पुढील लेखांकात मोडी पत्रांतील ‘छ’ या चिन्हापुढील चांद्र तारीख आणि वर्षाचा उल्लेख नसलेल्या पत्रांचा कालनिर्णय यांचा विचार होईल.