लाइफ जॅकेटला कुबट वास, बोटीत काळे डाग: बुरशी काढायची कशी आणि काय करायचं नाही?

थंडी पडली की बारामती, पुणे, सोलापूरकडच्या गाड्या शनिवार-रविवारी भिगवणच्या दिशेने वळतात. उजनीच्या बॅकवॉटरमध्ये रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो आलेले असतात. समजा, तुम्ही काठावर पोहोचलात, बोटीत बसलात आणि हातात लाइफ जॅकेट आलं. त्याला कुबट वास येतोय. गळ्यापाशी काळे ठिपके आहेत. तुम्ही काय कराल?

खरं सांगायचं तर आपल्यातले बरेच जण ते जॅकेट मांडीवर ठेवतील. "पाणी तर शांतच आहे," असं म्हणतील.

पण उजनीचं पाणी कायम शांत नसतं. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहत काठाला लागला. सहा जणांचा बुडून मृत्यू झाला.

त्या दुर्घटनेचा बुरशीशी काही संबंध नाही. मुद्दा एवढाच की या पाण्यावर वारा कधी उठेल, याचा भरवसा नसतो. जॅकेट अंगात असेल तरच उपयोगी पडतं आणि घाण जॅकेट कुणी अंगात घालत नाही. म्हणून बोटीतली बुरशी हा फक्त स्वच्छतेचा विषय नाही.

पाऊस कमी, मग बुरशी येते कुठून?

बारामती आणि इंदापूर हा पर्जन्यछायेचा भाग. वर्षभरात पाऊस पडतो साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास. बुरशी तर कोकणात धरायला हवी, इथे कशी?

कारण बुरशीला धो धो पाऊस लागतच नाही. तिला लागते कोंडलेली ओल, थोडी ऊब आणि खायला काहीतरी. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. एखादी वस्तू एक-दोन दिवस ओली राहिली की ते तिथे रुजायला लागतात.

आता बोटीचा विचार करा. पक्ष्यांचा हंगाम संपला की अनेक पर्यटक बोटी काठावर ओढून ठेवल्या जातात. वरून ताडपत्री घट्ट बांधली जाते. आत फळ्यांखाली थोडं पाणी राहिलेलं असतं. कोपऱ्यात जॅकेटांचा ढीग असतो. दिवसा ऊन तापतं, पाण्याची वाफ होते. रात्री ती वाफ ताडपत्रीच्या आतल्या बाजूला थेंब होऊन बसते आणि पुन्हा खाली पडते. गरम भाकरी डब्यात घालून झाकण लावलं की ती ओलसर होते ना, तसंच.

फायबरची बोट बुरशी खात नाही. पण फायबरवर बसलेली धूळ, घाम, तेलकटपणा, माशांचे खवले, पक्ष्यांची विष्ठा हे सगळं तिचं खाद्य आहे. लाकूड तर ती थेट खाते.

आधी हे समजून घ्या: काय करायचं नाही?

- कोरडा ब्रश मारू नका. कोरडी बुरशी घासली की बीजाणू उडून तुमच्या नाकात आणि बोटभर पसरतात. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना त्याचा जास्त त्रास होतो. आधी साबणाचं पाणी शिंपडा. मास्क आणि हातमोजे घाला.
- ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो विषारी असतो. अमोनिया असलेल्या क्लीनरसोबतही ब्लीच मिसळायचं नाही. ॲसिडसोबत तर अजिबातच नाही.
- शेतातलं बुरशीनाशक मारू नका. इंदापूर, बारामतीत द्राक्ष-डाळिंबाच्या बागा आहेत, त्यामुळे भुरीवरचं औषध घरात असू शकतं. "बुरशी ती बुरशी," असं वाटून ते बोटीवर फवारायचा मोह होईल. पण ते पिकासाठी असतं. माणसं ज्यावर बसतात आणि जे अंगात घालतात, त्यासाठी नसतं. शिवाय मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट माशांसाठी घातक आहे.
- धुतलेलं पाणी धरणात सोडू नका. सोलापूर शहराला याच उजनीतून पिण्याचं पाणी जातं. बोट काठापासून लांब ओढून धुवा.

बोट साफ कशी करायची?

सगळ्यात आधी बोट पूर्ण रिकामी करा. जॅकेट, दोर, गाद्या, फळ्या सगळं बाहेर. तळातलं पाणी काढून कापडाने टिपून घ्या. बोट एक-दोन दिवस उघडी ठेवून उन्हात वाळू द्या. हे न करता नुसतं औषध मारलं तर महिन्याभरात बुरशी परत येईल.

फायबरचा भाग: डिटर्जंटच्या पाण्याने मऊ ब्रशने धुवा. डाग राहिले तर साधं पांढरं व्हिनेगर पाणी न मिसळता लावा, तासभर ठेवा, पुसा आणि स्वच्छ पाण्याने धुवा. अगदी हट्टी डागांवर ब्लीच चालतं, पण ४ लिटर पाण्यात एक कपापेक्षा जास्त नाही. व्हिनेगर लावलं असेल तर ते पूर्ण धुऊन वाळल्याशिवाय ब्लीच वापरायचं नाही.

पत्र्याचा भाग: इथे ब्लीच नको, पत्रा गंजतो. साबणाचं पाणी आणि कोरडं कापड पुरेसं आहे.

लाकडी फळ्या: लाकडावर ब्लीच मारलं की डाग फिका पडतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण बुरशीचे तंतू लाकडाच्या आत शिरलेले असतात, तिथपर्यंत ब्लीच पोहोचत नाही. उलट त्यातलं पाणी लाकडात मुरतं. म्हणून फळी साबणाने धुवा, पूर्ण वाळवा आणि पॉलिश पेपरने घासा. मगच रंग द्या. बुरशीवरच रंग मारला तर तो पोपडे होऊन निघतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक फळीत सहज घुसत असेल तर ती कुजली आहे. ती बदलायचीच.

गाद्या: कव्हर काढून धुवा. आतला स्पंज काळा पडला असेल तर तो धुण्यात वेळ घालवू नका, फेकून द्या.

लाइफ जॅकेट: इथेच चूक होते

जॅकेटचं काम दोन गोष्टी करतात. आतला फोम तुम्हाला तरंगवतो आणि पट्टे, शिलाई, बक्कल मिळून तो फोम तुमच्या अंगाशी धरून ठेवतात. चुकीच्या पद्धतीने धुतलं तर जॅकेट वरून चकाचक दिसतं, पण आतून कमजोर झालेलं असतं. ते कळतं पाण्यात पडल्यावर.

त्यामुळे जॅकेटला ब्लीच लावायचं नाही, कारण त्याने कापड आणि शिलाईचा धागा झिजतो. वॉशिंग मशीनमध्ये टाकायचं नाही, तिथे फोम मोडतो. पेट्रोल, थिनर, इस्त्री, ड्रायर यातलं काहीच नको.

मग करायचं काय?

१. कोमट पाण्यात सौम्य साबण घाला आणि मऊ ब्रशने जॅकेट हाताने धुवा. पट्ट्यांच्या घड्या आणि गळ्याचा भाग विसरू नका.
२. वास जात नसेल तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन बुरशीच्या जागी लावा. थोडा वेळ ठेवून भरपूर पाण्याने धुवा.
३. पिळू नका. हँगरवर किंवा दोरीवर लटकवा.
४. सावलीत, वारा लागेल असं वाळवा. आपल्याला वाटतं कडक ऊन म्हणजे उत्तम, पण ऊन कापड आणि पट्ट्यांची ताकद कमी करतं. रंग पार उडालेलं जॅकेट म्हणजे खूप ऊन खाल्लेलं जॅकेट.

काळे डाग थोडेफार राहतील. राहू द्या. डागामुळे माणूस बुडत नाही.

धुतल्यावर ही तपासणी कराच

- पट्टा दोन्ही हातांनी जोरात ओढा. शिलाई उसवते का बघा.
- प्रत्येक बक्कल लावून ओढा. सुटलं तर जॅकेट बाद.
- फोम दाबा. तो कडक झाला असेल, चुरा होत असेल किंवा पाणी पिऊन जड झाला असेल तर जॅकेट बाद.
- शेवटची परीक्षा पाण्यात. कमरेएवढ्या पाण्यात, सोबत पोहणारा माणूस ठेवून, जॅकेट घाला आणि मागे रेला. तोंड आरामात पाण्याच्या वर राहिलं पाहिजे.

बाद झालेलं जॅकेट "असू दे, गर्दीच्या वेळी लागेल," म्हणून ठेवू नका. नेमकं गर्दीच्या दिवशी ते एखाद्या लहान मुलाच्या अंगावर जाईल. त्याचे पट्टे कापून टाका.

परत बुरशी येऊ नये म्हणून

खर्च जवळपास शून्य. ताडपत्री बोटीला चिकटवून बांधू नका. मध्ये आडवा बांबू टाकून तिला छपरासारखा उतार द्या आणि दोन्ही टोकांना हवा खेळायला जागा सोडा. फळ्या उचलून ठेवा. जॅकेटांचा ढीग करू नका, प्लॅस्टिकच्या पोत्यातही भरू नका. शेडमध्ये दोरी बांधून एकेक लटकवा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, उघडीप मिळाली की ताडपत्री काढून बोटीला वारा द्या.

आणि आपण, म्हणजे प्रवाशांनी?

जॅकेट हातात आलं की आधी बक्कल बघा, मग वास. बक्कल तुटलं असेल तर दुसरं मागा, न लाजता मागा. वास येत असेल तरी घाला. तासाभराच्या फेरीत निरोगी माणसाला त्याने सहसा काही होत नाही. दम्याचा त्रास असेल तर दादांना सांगून कोरडं जॅकेट घ्या. लहान मुलाला मोठ्यांचं जॅकेट चालत नाही, ते पाण्यात डोक्यावरून निघून जातं.

फोटोसाठी, रीलसाठी जॅकेट काढू नका. फ्लेमिंगोच्या मागे तुम्ही केशरी जॅकेटमध्ये दिसलात तर काही बिघडत नाही.

आणि बोटीत बुरशी दिसली तर तिथेच व्हिडिओ टाकून नावाड्याला ट्रोल करण्याआधी त्याच्याशी बोला. साबण, व्हिनेगर आणि एक दोरी एवढ्यात सुटणारा प्रश्न आहे हा. हवं तर हाच लेख त्याला व्हॉट्सॲपवर पाठवा.