आधीचा आजार असताना कामावर इजा झाली, तर भरपाई मिळते का?

कामावर पोतं उचलताना कंबरेत कळ गेली, एमआरआय काढला आणि रिपोर्टमध्ये ‘डीजनरेटिव्ह बदल’ असे शब्द आले, की अनेक घरांत भरपाईचा विचार तिथेच सोडून दिला जातो. “दुखणं आधीचंच आहे,” असं मालक किंवा विमा कंपनी सांगते आणि ते पटतंही. पण चाळिशीनंतर कधीही कंबर न दुखलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्ये अशी झीज दिसते. मणक्यांची झीज आहे, एवढंच त्या शब्दांवरून कळतं. त्या दिवशी काय झालं, हे कळत नाही.

१९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा असो की २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता, मुख्य प्रश्न एकच असतो: इजा कामामुळे आणि काम करत असताना झाली का? कामगार आधी ठणठणीत असलाच पाहिजे, अशी अट नाही. मुंबई बंदरातल्या एका पहारेकऱ्याला आधीपासून हृदयविकार होता. १९५० च्या दशकात त्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं, की कामाच्या ताणाने मृत्यूला हातभार लावला किंवा तो लवकर ओढवला, तरी भरपाई देय होते. याची दुसरी बाजूही माहीत असू द्या. वाहनावर क्लीनर असलेल्या एका कामगाराचा कामावर असताना हृदयविकाराने मृत्यू झाला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती भरपाई नाकारली, कारण कामाच्या ताणाचा पुरावा नव्हता.

हा पुरावा बहुतेक वेळा दवाखान्याच्या कागदांतच असतो. ओपीडीच्या घाईत केसपेपरवर नुसतं ‘कंबरदुखी’ लिहिलं जातं. म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांना नेमकं सांगा: किती वाजता, काय उचलत होतात, किती वजन होतं, आधी काय त्रास व्हायचा आणि आता नवीन काय आहे. आधी कंबर दुखायची, पण पाय कधी बधिर होत नव्हता, हा फरक फार मोलाचा आहे. तो लिहून घ्या.

जुना आजार मात्र लपवू नका. मधुमेही कामगाराच्या पायात खिळा घुसला, जखम चिघळली आणि बोट काढावं लागलं, तर घरचे कधीकधी म्हणतात, “शुगरचं लिहू नका.” भरती होताना एचबीए१सी ९ आला, तर शुगर आजच वाढली यावर कोण विश्वास ठेवेल? ती चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची शुगर सांगते. त्यापेक्षा दोन्ही गोष्टी कागदावर असू द्या: मधुमेह होता आणि जखम कारखान्यातल्या खिळ्याने झाली. मधुमेहामुळे जखम चिघळते, पण त्यामुळे खिळा पायात घुसत नाही.

कामगार ईएसआयमध्ये असेल, तर मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. दावा ईएसआयकडेच करावा लागतो. अपघाताची खबर मालकाला लगेच, लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. दाव्याला मुदत असते, त्यामुळे कामगार संघटनेला किंवा वकिलांना लवकर भेटा.

कामावर अचानक मृत्यू झाला, तर अनेक कुटुंबं शवविच्छेदन नको म्हणतात. ते दुःख समजण्यासारखं आहे. पण ते झालं नाही, तर मृत्यूचं कारण कायमचं अंदाजावर राहतं, आणि त्या अंदाजाचा फायदा सहसा कुटुंबाला मिळत नाही.